नकाशावर बर्फ, अंगणात पाऊस : आयर्लंडच्या २०१९-२० च्या हिवाळ्याचं प्रकरण

७ मार्च २०२०, शनिवार. डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या विकलो परगण्याच्या डोंगराळ भागातलं एक स्वयंपाकघर. टेबलावर चहाची किटली, लोणी फासलेला ब्रॅक, म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव, आणि चार वह्या. घरमालक निवृत्त शाळामास्तर. बाकीचे तिघे म्हणजे रॉसकॉमनचा एक शेतकरी, डब्लिनमधला एक बसचालक आणि मी. मी मूळचा निफाडचा, गेली काही वर्षं डब्लिनच्या पश्चिमेला लूकनला राहतो. वय, धंदा, भाषा, काहीच जुळत नाही आमचं. चौघेही हवामानवेडे, एवढंच. दर मार्चमध्ये मास्तरांकडे जमायचं आणि सरलेल्या हिवाळ्याचा पंचनामा करायचा, हा शिरस्ता.

त्या वर्षी पंचनाम्याला बसलो खरे, पण प्रेतच सापडेना. मास्तर रोज सकाळी नऊला पर्जन्यमापक रिकामा करतात आणि वहीत पाच रकाने भरतात. त्यातला बर्फाचा रकाना डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रिकामा होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन टिंबं होती तेवढीच. मास्तरांच्या लिपीत टिंब म्हणजे "पडताना दिसला, जमिनीवर टिकला नाही". शेजारचा पावसाचा रकाना मात्र ओसंडून वाहत होता, आकडे चौकटीबाहेर गेलेले.

हा हिवाळा असा का गेला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो असा जाणार हे आम्हाला आधी का कळलं नाही, याची ही कैफियत. त्यातला एक धागा निफाडच्या द्राक्षबागेतून जातो. तो त्या दिवशी टेबलावर कुणालाच दिसला नव्हता, मला तर मुळीच नाही.

काठावरचा बर्फ

आधी एक गैरसमज काढतो. डिसेंबर आला की गावाहून मावशीचा फोन येतो, "पडला का रे बर्फ तुमच्याकडं?" मी दरवर्षी सांगतो, "नाही गं, पाऊस पडतोय." तिला वाटतं, पोरगं काहीतरी लपवतंय. परदेशातला हिवाळा म्हणजे पांढरीशुभ्र छपरं, हे सिनेमानं पक्कं करून ठेवलंय.

डब्लिन ५३ अंश उत्तरेवर आहे. कॅनडातलं एडमंटनही जवळपास त्याच रेषेवर, पण तिथं जानेवारीत नदी गोठलेली असते आणि इथं दुपारी सात-आठ अंश सेल्सिअस असतं, गवत हिरवंगार असतं. ही सगळी समुद्राची करामत. वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. येताना तो हजारो किलोमीटर अटलांटिकवरून येतो आणि आयर्लंडच्या पश्चिमेला या पाण्याचं तापमान भर हिवाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असतं. ग्रीनलंडकडून कडाक्याची थंड हवा निघाली तरी इथवर पोचेपर्यंत खालून तापत जाते आणि बर्फाऐवजी गारांची सर टाकून पुढे जाते.

बर्फ हवा असेल तर वारा फिरावा लागतो. तो पूर्वेकडून यावा, रशिया-स्कँडिनेव्हियातली हाडं गोठवणारी हवा घेऊन यावा आणि आयरिश समुद्राचा अरुंद पट्टा ओलांडताना जेवढ्यास तेवढी वाफ उचलून डब्लिन-विकलोवर ओतावा. आम्हा मंडळींचं गणित ठरलेलं असतं. दीड किलोमीटर उंचीवर उणे आठ अंश किंवा त्याहून कमी, आणि जमिनीलगत दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, शून्याखाली. एक अट चुकली की पदरात पडतो दोन अंशांचा थंड पाऊस. त्याच्याइतकी निरुपयोगी वस्तू निसर्गानं दुसरी केली नसेल.

म्हणजे इथला बर्फ कायम काठावरचा. अर्धा-एक अंश इकडचा तिकडे झाला की त्याचं पाणी होतं. आयर्लंडच्या हवामान खात्याच्या, मेट एरनच्या, हिशेबानुसार १९६१-९० च्या सरासरीच्या तुलनेत १९९१-२०२० ची सरासरी ०.७ अंशांनी वर गेली आहे. निफाडच्या उन्हाळ्यात ०.७ अंश कुणाच्या लक्षातही येणार नाही. काठावर उभं असलेल्याला मात्र एवढा धक्का पुरतो.

तरी बर्फ येतो, आणि आला की दंतकथा होऊन बसतो. मास्तरांच्या आईनं २४-२५ फेब्रुवारी १९४७ चं हिमवादळ पाहिलं होतं. कुंपणं दिसेनाशी झाली आणि माणसं शेजाऱ्याच्या शेतावरून सरळ चालत गेली, असं ती सांगायची. मास्तरांचं स्वतःचं वर्ष १९८२. माझ्या ओळखीतले सगळे २०१० च्या डिसेंबरबद्दल बोलतात. त्या नाताळच्या दिवशी मेयो परगण्यातल्या स्ट्रेड गावी उणे १७.५ अंश नोंदले गेले. आणि बसचालकाचं वर्ष २०१८. मार्चच्या तोंडावर पूर्वेची थंडी आणि दक्षिणेकडून आलेलं एमा वादळ एकमेकांना भिडलं, अख्ख्या देशाला लाल इशारा लागला, बस डेपोत उभ्या राहिल्या आणि दुकानांतला कापलेला पाव संपला. आयरिश माणूस संकटात आधी पावाकडे का धावतो हे मला अजून उमगलेलं नाही. तो पाव टिकतोही जेमतेम चार दिवस.

या आठवणी मुद्दाम सांगतोय. आमची चूक इथूनच सुरू झाली.

नोव्हेंबरातली आशा

हिवाळ्याआधी आम्ही चौघे आपापला अंदाज वहीत लिहून सही करतो. २०१९ च्या नोव्हेंबरात चौघांनीही थंडी लिहिली. कारणं वाचताना आता हसू येतं.

मास्तरांचा भरवसा सूर्यावर. सौर डागांचं चक्र तळाला आलं होतं. मागच्या वेळी ते तळाला गेलं तेव्हा दोनेक वर्षांतच २०१० चे ते दोन थंड तुकडे मिळाले होते. संबंध अगदीच काल्पनिक नाही, त्यावर संशोधन आहे, पण तो नाजूक आहे आणि एका हिवाळ्याची हमी त्यातून मिळत नाही. मास्तरांनी हमीसारखा वापरला.

मी लिहिलं होतं दक्षिण ध्रुवाबद्दल. सप्टेंबर २०१९ मध्ये अंटार्क्टिकावरच्या स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, अचानक तापमानवाढ झाली होती. तिकडे ती फार दुर्मीळ. उत्तर ध्रुवावर अशी तापमानवाढ झाली की ध्रुवाभोवती फिरणारा थंड हवेचा भोवरा खिळखिळा होतो आणि थंडी खाली, आपल्या अंगणात सांडते. २०१८ मध्ये १२ फेब्रुवारीला हेच घडलं होतं आणि पंधरवड्यात बर्फ आला होता. मग दक्षिणेत झालं तर यंदा उत्तरेतही होईल, असा माझा तर्क. याला तर्क म्हणणंही धाडसाचं. शेजाऱ्याच्या घरी मुलगा झाला म्हणून आपल्याही घरी होईल, यातलाच तो प्रकार.

बसचालकानं हॉलीच्या झुडपावर फळं जास्त लागलीत म्हणून लिहिलं. लाल फळांनी हॉली लगडली की हिवाळा कडक, असं इथले जुने लोक मानतात. आपल्याकडे कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं ते बघून पावसाचा अंदाज करतात, तसंच. आम्ही त्याला हसलो. हसणाऱ्यांची कारणं फार बरी नव्हती.

शेतकऱ्यानं "थंडी पडली तर बरं, किडी मरतील" एवढंच लिहिलं. तो अंदाज नव्हता, मागणी होती.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तेव्हा समोर होता, आणि या प्रकरणातली हीच टोचणारी गोष्ट आहे. युरोपातल्या मोठ्या केंद्रांची ऋतूचा अंदाज देणारी मॉडेलं हिवाळ्याआधीपासून एकाच दिशेला बोट दाखवत होती. आइसलंडजवळचा कमी दाब अधिक खोल, अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब अधिक भक्कम, दोन्हींमधला पश्चिमी वारा जोरात. शास्त्रज्ञ याला उत्तर अटलांटिक दोलनाची धन अवस्था म्हणतात. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एकच : अटलांटिकची आगगाडी सुरू, बर्फ रद्द. ते नकाशे आम्ही पाहिले. मास्तर म्हणाले, ऋतूच्या मॉडेलांवर कोण विश्वास ठेवतो. विषय तिथंच मिटला.

आगगाडी

८ डिसेंबरला आतिया वादळ आलं, केरी परगण्याला लाल इशारा लागला. १३ जानेवारीला ब्रेंडन. मधल्या काळात, २८ डिसेंबरला, स्कॉटलंडच्या उत्तरेला आखफारीला रात्रीच्या काळोखात पारा १८.७ अंशांवर गेला. डिसेंबरातला ब्रिटनचा तो विक्रम. डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा दाबला जाऊन तापतो, त्याचा हा परिणाम. त्या रात्री मी आखफारीचा आकडा निफाडच्या किमान तापमानाशेजारी लिहून ठेवला. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला डिसेंबरात निफाडचा पारा बघायची खोड असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येतो. तर त्या आठवड्यात स्कॉटलंड निफाडपेक्षा ऊबदार होतं, ही नोंद माझ्या वहीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

जानेवारीत एक चकवा मिळाला. २० तारखेला वेल्समधल्या मम्बल्स हेडला हवेचा दाब १०५०.५ हेक्टोपास्कलवर गेला. ब्रिटनमध्ये इतका दाब कित्येक दशकांत झाला नव्हता. एवढा मोठा जास्त दाब म्हणजे वारा अडला, आगगाडी थांबली, आता थंडी, असं कुणालाही वाटेल. पण जास्त दाब कुठं बसलाय याला महत्त्व असतं. तो आइसलंड किंवा स्कँडिनेव्हियावर बसला तर त्याच्या खालच्या कडेनं पूर्वेचा वारा आपल्याकडे येतो. हा बसला दक्षिणेला. रात्री थोडं दंव पडलं, दिवस राखाडी गेले, आणि तो सरकला तसा पश्चिमेचा वारा त्याच्या वरून पुन्हा वाहू लागला.

मग आला फेब्रुवारी. ८ तारखेला शनिवारी देशात सार्वत्रिक निवडणूक, आणि मतदानाच्या शेपटीलाच किआरा वादळ. पुढच्या शनिवार-रविवारी डेनिस. आइसलंडच्या दक्षिणेला त्याच्या केंद्रातला दाब ९२० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला होता. उत्तर अटलांटिकवरच्या आजवरच्या सर्वांत खोल वादळांत त्याची गणना होते. २९ फेब्रुवारीला होर्हे. गॉलवे आणि क्लेअरला लाल इशारा लागला आणि त्याच संध्याकाळी आयर्लंड प्रजासत्ताकातला पहिला करोना रुग्ण जाहीर झाला. त्या दिवशी आम्ही चौघांनी कुठल्या बातमीवर जास्त चर्चा केली असेल, ते सांगायला नको.

बर्फ? शेवटच्या आठवड्यात उत्तर आणि मध्य आयर्लंडात ओलसर पडला. शेतकऱ्यानं न्याहारीच्या वेळी खिडकीतून फोटो काढला, जेवणाच्या वेळेला गवत दिसत होतं. मास्तरांच्या वहीतलं एक टिंब ते.

इथं मास्तरांनी एक आयरिश आक्षेप नोंदवला. जुन्या आयरिश गणनेत हिवाळा १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिडच्या दिवशी, वसंत लागतो. शाळेत त्यांनी पोरांना तेच शिकवलं. "म्हणजे ही सगळी वादळं वसंतातली," ते म्हणाले, "हिवाळा तर बिचारा शांतपणे गेला." आपल्याकडेही शिशिराची सुरुवात कुठून धरायची यावर पंचांग आणि थर्मामीटर यांचं एकमत नसतं, तेव्हा मी गप्प बसलो.

पब रन

बाहेरच्याला हे वेड समजावं म्हणून आमची रात्र कशी जाते ते सांगतो. अमेरिकी जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा नव्यानं चालवलं जातं आणि पुढच्या सोळा दिवसांचे नकाशे देतं. त्यातली एक फेरी इथल्या घड्याळात रात्री साडेनऊ ते अकराच्या दरम्यान बाहेर पडते. तिला सगळे "पब रन" म्हणतात, कारण ती बघणारा तोवर दोन पेले रिचवून बसलेला असतो आणि मॉडेलही प्यायल्यासारखं वागतं. दहाव्या दिवसापलीकडे या फेरीत काहीही दिसू शकतं. त्या जानेवारीत तिनं आम्हाला तीनदा सायबेरिया दाखवला. विकलोवर गर्द निळा रंग, उणे दहा. झोप उडायची. सकाळच्या फेरीत निळा रंग पोलंडला सरकलेला असायचा, दुपारी तो नकाशातूनच गेलेला असायचा.

दहाव्या दिवसाचा अंदाज पाचव्या दिवशी टिकत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. चौघेही वर्षानुवर्षं हे बघतोय. तरी बसचालकानं त्यातल्या एका रात्री डेपोतल्या सहकाऱ्यांना पाव घेऊन ठेवायला सांगितलं होतं.

माझी खोड वेगळी. घरासमोर रस्त्यावरचा दिवा आहे. पावसात बर्फाचा अंश मिसळू लागला की दिव्याच्या झोतात थेंबांची चाल बदलते. सरळ पडणारी रेघ थोडी तरंगते, वाकडी होते. त्या हिवाळ्यात मी कितीतरी रात्री पडदा बाजूला सारून त्या दिव्याखाली बघत उभा राहिलो. रेघा शेवटपर्यंत सरळ राहिल्या.

कपाट रिकामं

टेबलावर पहिला तास वादळांची उजळणी झाली. दुसऱ्या तासाला खरा प्रश्न आला : वारा फिरला का नाही?

पहिलं उत्तर सोपं, आकड्यांतच होतं. ध्रुवाभोवतीचा भोवरा खिळखिळा व्हायच्या ऐवजी अफाट बळकट झाला. आर्क्टिक दोलनाचा, म्हणजे हा भोवरा किती घट्ट आहे ते दाखवणारा, फेब्रुवारीचा निर्देशांक अधिक ३.४ वर गेला. १९५० पासूनच्या नोंदींत फेब्रुवारीत इतका कधीच गेला नव्हता. भोवरा घट्ट असला की थंडी ध्रुवावर कोंडली जाते, तिच्या कडेनं वाहणारी जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, वेगवान होते आणि वादळं त्या पट्ट्यावर चढून एकामागोमाग आयर्लंडच्या दारात उतरतात. वादळं आणि बर्फाचा दुष्काळ या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच. आजार एकच होता. (त्याच कोंडलेल्या थंडीमुळे मार्चमध्ये आर्क्टिकवर ओझोनचा मोठा ऱ्हास झाला, ते पुढं कळलं.)

दुसरं उत्तर माझ्या मते जास्त बोचणारं. समजा वारा फिरला असता. पूर्वेकडे होतं काय? रशियात हिवाळा विक्रमी ऊबदार होता. मॉस्कोत नववर्षाच्या सजावटीसाठी ट्रक भरभरून कृत्रिम बर्फ आणून रस्त्यात ओतावा लागला. अख्ख्या युरोपाचा तो नोंदींतला सर्वांत ऊबदार हिवाळा. १९८१-२०१० च्या सरासरीपेक्षा ३.४ अंश जास्त, आधीच्या विक्रमापेक्षा १.४ अंशांनी वर. म्हणजे ज्या कपाटातून बर्फ काढायचा ते कपाटच रिकामं होतं. आम्ही तीन महिने दार उघडायची वाट बघत बसलो.

मला यातली सर्वांत लक्षात राहिलेली बातमी वेगळीच. १ मार्चला जर्मनीच्या द्राक्ष-वाइन संस्थेनं जाहीर केलं की २०१९ च्या द्राक्षांची आइसवाइन यंदा देशात कुठंच होणार नाही. असं पहिल्यांदाच घडत होतं. ही वाइन करायला द्राक्षं वेलीवरच उणे सात अंशांत गोठावी लागतात, मग ती गोठलेली तोडून लगेच पिळायची. एका रात्रीसुद्धा उणे सात मिळालं नाही. आमच्याकडे बागेत पारा शून्याकडे निघाला की पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. तिकडचा बागायतदार त्याच थंडीची वाट बघत होता. ही बातमी मी टेबलावर वाचून दाखवली तेव्हा मास्तरांनी विचारलं, तुमच्या गावी कसं झालं यंदा?

मी म्हटलं, यंदा गेलंच.

ऑक्टोबरातला फोन

ती हकिकत अशी. २०१९ चा मोसमी पाऊस महाराष्ट्र विसरणार नाही. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. देशाच्या वायव्य टोकापासून परतीचा प्रवास सुरू व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका उशीर कधी झाला नव्हता. १६ तारखेला मोसमी पाऊस देशातून गेल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, पण पाऊस कुठं गेला? १८ तारखेला साताऱ्यात शरद पवारांची भर पावसातली ती सभा झाली. महिनाअखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ महाचक्रीवादळाच्या दर्जाला पोचलं. २००७ च्या गोनूनंतर पहिल्यांदाच. दिवाळी पाण्यात गेली.

धाकट्या भावाचा फोन आला तो त्या दिवसांत. छाटणी होऊन पोंगा, म्हणजे नवा कोंब, निघाला होता, वर रोज पाऊस. डावणी, हा बुरशीचा रोग, सुटली होती. बागेत इतका चिखल की ट्रॅक्टर आत जाईना, पाठीवर पंप घेऊन दिवसाला दोन-दोन फवारण्या. "दादा, घड जिरायला लागले," तो म्हणाला. घड जिरणं म्हणजे निघालेल्या घडाची वेलीवर बाळी, म्हणजे नुसता तणावा, होऊन जाणं, हाताशी काही न लागणं. मी म्हटलं, काळजी घे, पैसे पाठवतो. फोन ठेवला आणि त्याच रात्री, खोटं कशाला बोलू, अंटार्क्टिकाचे नकाशे उघडून बसलो.

हिंदी महासागराचा पश्चिम भाग, आफ्रिकेकडचा, त्या शरदात नेहमीपेक्षा बराच तापलेला होता आणि इंडोनेशियाकडचा भाग थंड. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. २०१९ मध्ये तो उपकरणांच्या नोंदींतल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक ठरला. पूर्व आफ्रिकेत पूर, ऑस्ट्रेलियात कोरडेपणा आणि वणवे, आपल्याकडे लांबलेला पाऊस, या सगळ्यांत त्याचा हात होता. हे मी तेव्हाही वाचलं होतं. ते आशियाचं, गावाकडचं प्रकरण, अशी मनात नोंद केली होती.

ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध पुढं २०२० मध्ये आला. त्यांनी मॉडेलमध्ये हिंदी महासागरातली ती तापलेली अवस्था असती तर काय आणि नसती तर काय, हे तपासलं. निष्कर्ष असा की त्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिक दोलन इतकं धन बाजूला गेलं त्यात या डायपोलचा मोठा वाटा होता. पश्चिम हिंदी महासागरावर प्रचंड पाऊस पडतो तेव्हा वर उष्णता सोडली जाते. ती वातावरणाला धक्का देते आणि त्या धक्क्याच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून अटलांटिकवर पोचतात. शिवाय स्थितांबरातला भोवराही त्यातून बळकट होतो. मॉडेलांनी हिवाळ्याआधीच जे बोट दाखवलं होतं, त्यामागं बऱ्याच अंशी हे होतं.

याचा अर्थ भावाच्या बागेतल्या पावसानं विकलोचा बर्फ घालवला असा नाही. एवढं सरळ काही नसतं. जगाचं सरासरी तापमान वाढलंय, भोवऱ्याची स्वतःची लहर असते, नशीबही असतं. पण दोन्हींच्या मागं एकच समुद्र उभा होता. चौघांतल्या ज्या एकाला त्या समुद्राची खबर थेट घरून आली होती, त्यानं वहीत काय लिहिलं, तर अंटार्क्टिका.

शेतकऱ्याची बाजू

त्या दिवशी टेबलावर सर्वांत कमी बोलला तो रॉसकॉमनचा शेतकरी. त्याची जमीन शॅननच्या काठाला, पुराचं पाणी पसरणाऱ्या सखल कुरणांत. तिथं त्या कुरणांना कॅलोज म्हणतात. शॅनन ही नदी कमी आणि एकमेकांत सांडणाऱ्या तळ्यांची रांग जास्त. उतार इतका मंद की एकदा पसरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही. फेब्रुवारीत अनेक केंद्रांवर आजवरचा सर्वांत ओला फेब्रुवारी नोंदला गेला. ते सगळं पाणी त्याच्या कुरणात येऊन बसलं होतं.

गुरं गोठ्यात, खाली शेणमुताची टाकी काठोकाठ. पावसाळी महिन्यांत ती शेतात पसरायला कायद्यानं बंदी असते, ती जानेवारीत उठते. बंदी उठली तेव्हा जमीन इतकी ओली की टँकर आत घालायची सोय नाही. मुरघास संपत आलेला. मी त्याला निफाडचा ट्रॅक्टर बागेत जात नव्हता ती गोष्ट सांगितली. तो हसला नाही, नुसती मान हलवली, आणि म्हणाला की तुम्ही तिघे जो पडला नाही त्याचा पंचनामा करताय, जो पडला त्याचा करा.

खोलीत जरा शांतता झाली. मास्तरांनी किटली पुन्हा शेगडीवर ठेवली.

त्यानंतर पानं उलटून आम्ही पावसाचा रकाना वाचायला घेतला. मास्तरांनी एक-एक दिवस मोठ्यानं वाचला, शेतकऱ्यानं त्या त्या दिवशी पाणी कुठल्या कुंपणापर्यंत आलं ते सांगितलं, मी लिहून घेतलं. बसचालकाला त्या दिवसांत कुठले रस्ते बंद होते ते तोंडपाठ होतं. दोन तासांत तयार झालेला तो कागद आमच्या सगळ्या बर्फाळ वह्यांपेक्षा कामाचा निघाला. पुढच्या पुराच्या वेळी शेतकऱ्यानं गुरं कधी हलवायची हे त्यावरूनच ठरवलं.

नंतर

आठवडाभरात पब बंद झाले, मग सगळंच. मार्चच्या अखेरीपासून ऊन पडलं ते थेट मेअखेरपर्यंत. घरात कोंडलेल्या देशावर असं ऊन पडावं, यावरही आम्ही फोनवर बराच वेळ घालवला.

५ जानेवारी २०२१ ला उत्तर ध्रुवावर ती अचानक तापमानवाढ अखेर झाली, माझ्या दक्षिण ध्रुवाच्या तर्कानंतर सव्वा वर्षानं. फेब्रुवारीत पूर्वेचा वारा आला, पूर्व किनाऱ्यावर बर्फाच्या सरी आल्या. लूकनमध्ये जेमतेम पांढरं झालं. दिव्याखालच्या रेघा वाकड्या झाल्या तेव्हा मी मास्तरांना फोन केला, पण ते आधीच पायरीवर पट्टी घेऊन उभे होते.

त्याआधीच्या नोव्हेंबरात नवे अंदाज लिहायचे होते. भेटता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकानं घरीच लिहून फोटो पाठवायचा ठरलं. मास्तरांनी या वेळी ऋतूच्या मॉडेलांसाठी वेगळं पान राखलं. बसचालकानं पुन्हा हॉली लिहिली. माझ्या वहीत मी पहिला रकाना आखला तो हिंदी महासागराचा. आकडे मिळतात, पण म्हटलं, गावाकडची खबर आधी घ्यावी. ऑक्टोबरच्या मध्यात भावाला फोन लावला होता. तिकडे पुन्हा परतीच्या पावसानं गाठलेलं, मागं पंपाचा आवाज येत होता.

"पाऊस कसाय रे?"

"आहे की. का?"

"नाही, म्हटलं, इकडं हिवाळ्यात बर्फ पडंल का ते बघत होतो."

पंप बंद झाला.

"दादा," तो म्हणाला, "इथं फवारणीला उसंत नाही आन् तुला बर्फाची पडलीय."